शिबिराची पावती फाडण्याआधी खातेवही उघडा

आज सकाळपासून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एकच पत्रिका फिरतेय. वर्षअखेरीचं प्रेरणा शिबिर, फी अडीच हजार, जेवण धरून. 'मोठं स्वप्न पाहा, २०२६ मध्ये उलाढाल दुप्पट करा.' खाली आपल्याच मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) लोकांनी अंगठे वर केलेत. सप्टेंबरच्या पावसानं आपल्या मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं, नदीकाठच्या गावांत तर पिकाबरोबर मातीही वाहून गेली. त्या गावांत ज्याची उधारी अडकलीय त्या माणसाला 'दुप्पट करा' म्हणताना जीभ कशी रेटते? दुप्पट काय करायचं? उधारी?

मला राहून राहून परभणी जिल्ह्यातला एक कृषी सेवा केंद्रवाला आठवतोय. काउंटरमागं कंपनीची ढाल, 'टॉप डीलर' लिहिलेली. वर्षाची विक्री एक कोटी वीस लाख. गेल्या डिसेंबरात एका रात्री शटर अर्धं ओढून नवरा-बायको वह्या घेऊन बसले. सरासरी मार्जिन निघालं आठ टक्के, म्हणजे ९ लाख ६० हजार. त्यातून दुकानभाडं १ लाख ८० हजार गेलं. दोन पोरांचा पगार, बारा-बारा हजारानं, २ लाख ८८ हजार. लाइट, हमाली, नेट, चहापाणी ९६ हजार. बँकेच्या वीस लाखांच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी लागेल तशी उचल) अकरा टक्क्यांनी २ लाख २० हजार व्याज. मुदत संपलेला माल साठ हजारांचा. हातात उरले १ लाख १६ हजार. महिन्याला दहा हजारसुद्धा नाहीत. काउंटरवरच्या पोराला मालकापेक्षा जास्त पडत होते, आणि मालकीणबाईंच्या दिवसभराच्या कामाचा तर कुठं हिशोबच नव्हता.

या माणसाला कोणत्या घोषणेनं उभारी येणार आहे?

कोणी म्हणेल, दिवाळीला वही बदलतो, सीए मार्चला हिशोब करतो, मग डिसेंबरात काय काढलंय? कबूल, लक्ष्मीपूजनाची वही आपली आहे आणि मार्च सरकारचा. पण दिवाळीच्या पाडव्याला अर्धं सोयाबीन अजून घरात असतं, आणि मार्चअखेर नुसता आकडा कळतो, करता काहीच येत नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा असा आहे की सोयाबीनचे पैसे येऊन गेलेत, कापूस चालू आहे, तूर तोंडावर आहे, हरभऱ्याच्या पेरणीचा माल उचलून झालाय आणि मार्चला अजून तीन महिने आहेत. बिघडलेलं दुरुस्त करायला एवढा वेळ पुरतो.

सुरुवात मालापासून करा, वहीपासून नाही. संगणकातला साठा छापून हातात घेऊन मोजायला जाऊ नका. छापलेला आकडा दिसला की डोळा तोच आकडा मोजतो. कोरा कागद घ्या. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, एक मांडणी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. मोजून झालेल्या मांडणीवर खडूनं फुली मारा. बाटली मागच्या रांगेतलीसुद्धा बाहेर काढा, कारण नवा माल पुढं लावायची पोरांना सवय असते आणि जुना मागं जाऊन मरतो. प्रत्येक मालापुढं चार गोष्टी लिहा: नग, खरेदीचा भाव, मुदत, आणि शेवटचा नग कधी विकला. खरं दुखणं या चौथ्या रकान्यात सापडतं. सहा महिन्यांत ज्याचा एक नग हलला नाही, तो माल म्हणजे व्याजानं आणून फळीवर ठेवलेले पैसे.

खतवाल्यांनी ई-पॉस मशीनमधला (शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खत विकायचं मशीन) साठा आणि गोदामातली पोती त्याच दिवशी जुळवावीत. गर्दीत पोती गेली आणि अंगठा राहिला की मशीनवर साठा दिसतो, गोदामात नसतो. तपासणीत हा फरक सापडला की परवान्यावर येतं. मुदत संपलेली औषधं विकणं हा गुन्हा आहे, ती पाटी लावून वेगळ्या जागी ठेवावी लागतात. मुदतीला चार-सहा महिने उरलेली आजच यादीत घ्या आणि कंपनीच्या माणसाला परताव्याचं लेखी कळवा. फोनवरचं 'बघू साहेब' कामाचं नाही. माल परत गेला तरी क्रेडिट नोट (तेवढी रक्कम तुमच्या नावे जमा केल्याचा कंपनीचा कागद) हातात येईपर्यंत तो परत गेला असं धरायचं नाही.

त्या परभणीच्या दुकानात मागच्या रांगेत काय निघालं असेल? बहुतेक सगळा लिंकिंगचा, म्हणजे खताबरोबर गळ्यात मारलेला माल. डीएपी खत हवंय तर ही बादली घ्या, युरिया हवाय तर ही पुडकी घ्या. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांचं, त्यात दुकानदाराला सुटतं किती? आणि त्या पोत्यासाठी गळ्यात मारलेला माल वर्षभर धूळ खातो. वरून टार्गेट पूर्ण केलं तर परदेशाची सहल! सहलीसाठी मार्चमध्ये माल भरणारे आपले लोक पाहिले की मला चीड येते. ती सहल फुकट नसते भाऊ. तिचं भाडं तुमच्या फळीवर पडलेलं असतं. खताच्या टंचाईत दुकानदाराचाही नाइलाज असतो हे मान्य. म्हणूनच लिंकिंगमध्ये आलेला माल वेगळ्या वहीत लिहा. डीएपीच्या मार्जिनमधून त्याचा तोटा वजा केल्यावर काय उरतं ते पाहा आणि पुढच्या वेळी कंपनीच्या माणसासमोर ती वही उघडा.

आता उधारी. लांब लिहितोय, पण इथंच दुकानं बुडतात.

दहा हजारांचा माल जूनमध्ये दिला. आठ टक्क्यांनी नफा आठशे. पैसे आले जानेवारीत. सात महिन्यांचं अकरा टक्क्यांनी व्याज होतं सुमारे ६४०. उरले १६०. त्यात आपण 'जाऊ द्या' म्हणून दोनशे सोडतो. म्हणजे घरून पैसे घालून माल विकला! रोखीच्या गिऱ्हाइकाला दोन टक्के सूट देणंही वाटतं तितकं साधं नाही. आठाचे सहा झाले की तेवढाच नफा मिळवायला विक्री एक तृतीयांशानं वाढवावी लागते. पण रोखीला दोन टक्के सोडणं हे सात महिन्यांच्या उधारीपेक्षा तरी परवडतं, हे या दोन आकड्यांवरून दिसतंच.

उधारीचा तक्ता नावांच्या क्रमानं लावू नका, वयाप्रमाणं लावा. तीन महिन्यांच्या आतली, तीन ते सहा, सहा ते बारा, वर्षावरची. आणि दोन वर्षांच्या वरची लाल शाईनं. कारण मालाच्या उधारीचा दावा लावायची कायद्यातली मुदत तीन वर्षं आहे. ती उलटायच्या आत खातेदारानं 'एवढी बाकी मान्य' असं लिहून तारखेसह सही केली, तर तिथून नवीन तीन वर्षं मिळतात. सही नुसत्या आकड्याखाली नको, बाकीच्या रकमेसह पूर्ण ओळीखाली घ्या. थोडी रक्कम जमा केली तर तीही त्याच्याच सहीनं लिहून घ्या. हे दावे लावण्यासाठी सांगत नाही. गावात कोण कोणावर दावा लावतो? पण म्हातारा गेला आणि 'बापाचं मला माहीत नाही' असं पोरानं म्हटलं, की वहीतली ती एक ओळ दोन्ही घरांचं भांडण वाचवते.

बँकेचंही ध्यानात घ्या. नव्वद दिवसांवरची उधारी बहुतेक बँका सीसीची उचल मर्यादा काढताना धरतच नाहीत. तुम्हाला येणं दिसतं, बँकेला शून्य दिसतं, आणि ऐन जूनमध्ये चेक अडकतो.

पण यंदा तक्त्याला अजून एक रकाना हवा. देऊ शकत नाही, की देत नाही? ज्याचं रान खरवडून गेलं त्याच्या दारात वसुलीला गाडी उभी करणारा माणूस माझ्या ओळखीत नसावा. त्याच्याकडून सही घ्या, रब्बीचा हप्ता ठरवा, आणि जमलं तर हरभऱ्याच्या फवारणीला लागेल तेवढं द्या, कारण तो उभा राहिला तरच तुमचे पैसे उभे राहतील. त्या परभणीवाल्यानं यंदा दिवाळीला हेच केलं. नदीकाठच्या खातेदारांच्या नावापुढं निळी खूण केली आणि त्यांना एकही फोन केला नाही. उलट ज्यानं कापूस विकून नवी मोटारसायकल घेतली आणि उधारीला 'पुढच्या महिन्यात' म्हणतो, त्याच्याकडं तो स्वतः गेला. पोरगं पाठवलं नाही. पोराला लोक वाटेला लावतात, मालक समोर बसला की चहाबरोबर काही तरी हातात पडतंच.

नफ्याचं गणित एका ओळीचं आहे. महिन्याचा ठोक खर्च भागिले मार्जिन. साठ हजार खर्च आणि बारा टक्के मार्जिन असेल तर पाच लाखांच्या विक्रीवर तुमचं पोट सुरू होतं, त्याखाली सगळं दुसऱ्यांसाठी. खर्चात स्वतःचा पगार धरा. जागा घरची असेल तरी भाडं धरा. ते न धरता 'धंदा बरा चाललाय' म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. आणि १०० ला घेऊन १२० ला विकलं तर मार्जिन वीस टक्के नाही, सुमारे पावणेसतरा आहे, कारण ते विक्रीच्या भावावर मोजायचं असतं. हा घोळ मी मी म्हणणाऱ्यांच्या हिशोबात असतो.

कराचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदललेत. ठिबक, तुषार, सूक्ष्म अन्नद्रव्यं, जैविक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, रासायनिक कीटकनाशकं १८ वरच आहेत. जुन्या मालाचं बिलसुद्धा नव्या दरानं व्हायला हवं, तेव्हा बिलिंगमध्ये प्रत्येक वस्तूचा दर एकदा तपासा. फेकाव्या लागलेल्या मालावरचं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) उलटवावं लागतं, ते विसरू नका. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांवर रोख दिलेले खर्च वेगळे काढा, ते आयकरात मान्य होत नाहीत. आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान कारखानदाराकडून माल घेतला असेल, तर करार नसताना पंधरा दिवसांत, करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत चुकली तर तो खर्च पैसे दिलेल्या वर्षातच मिळतो. म्हणजे ३१ मार्चला थकलेल्या बिलावर तुम्हालाच कर बसतो.

शिबिरात चार ओळखी होतात, एक दिवस गल्ल्यापासून सुटका मिळते, हे नाकारत नाही. ज्याला जायचं त्यानं जावं. पण जाताना खिशात साठ्याची यादी आणि उधारीचा तक्ता असू द्या. आणि त्या वक्त्याला उभं राहून विचारा की यातलं दुप्पट काय करू.

परभणीवाल्यानं गेल्या वर्षी फक्त तीन गोष्टी ठरवल्या आणि गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. वर्षावर बाकी असलेल्याला सही झाल्याशिवाय नवीन उधारी नाही. सहा महिने न हललेला माल पुन्हा मागवायचा नाही, योजना कोणतीही येवो. बायकोचा पगार महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यावर. यंदा त्याची विक्री घटली, ढाल दुसऱ्याला गेली. सीसी मात्र वीसवरून चौदा लाखांवर आली, आणि अकरा टक्क्यांनी त्याचे वर्षाला ६६ हजार वाचणार आहेत. तूर मोंढ्यात येईपर्यंत ज्यांची यादी तयार असेल, त्यांनी वसुलीची फेरी संक्रांतीच्या आत लावावी. फेब्रुवारीत लग्नसराईचं बोलणं सुरू झालं की तो पैसा दुकानाकडं वळत नाही.