पलंगाशेजारच्या पिस्तुलाच्या तिजोरीबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की रात्री तिसऱ्यांदा बोट टेकवल्यावर तिजोरी उघडली, आणि वर आमच्या माणसाने जादा किल्ली शेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका म्हणून वाद घातला.

पहिली तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. बसवताना तुमचा ठसा एकदाच घेतला, तोही कोरड्या, सरळ धरलेल्या बोटाचा. झोपेतून उठलेला माणूस बोट तिरकंच ठेवतो, तळहाताला घाम असतो, आणि मग सेन्सर ओळखत नाही. एकच बोट चार-पाच वेळा, वेगवेगळ्या कोनांतून नोंदवायला हवं होतं, दुसऱ्या हाताचंही एक. आमचा माणूस घरी येऊन हे विनामूल्य करून देईल. ठशावर भरवसाच उरला नसेल तर बटणांचं यांत्रिक कुलूप असलेली तिजोरी बदलून देतो. त्याला बॅटरी लागत नाही, ओल्या बोटांनीही चालतं, अंधारात चाचपून उघडता येतं. मला स्वतःला तेच जास्त आवडतं.

किल्लीबाबत मात्र मी आमच्या माणसाच्या बाजूने आहे. हातभर अंतरावर किल्ली असली की कुलूप असून नसल्यासारखं. आपण कुठे काय लपवतो हे मुलांना बरोबर सापडतं. आणि काळजी फक्त लहान मुलांची नाही. 2005 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. हत्यार कुलपात, रिकामं, काडतुसंही कुलपात आणि वेगळी ठेवलेली, यातली प्रत्येक सवय असलेल्या घरांत मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या आत्महत्या व अपघाती इजांचा धोका कमी आढळला. म्हणून या तिजोरीत एकच हत्यार ठेवा. बाकीची रिकामी करून मोठ्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. घरातलं कुणी मनाने खचलेलं असेल, तर त्या काळात पलंगाशेजारी हत्यार नकोच, शक्य असेल तर घरातही नको. तिजोऱ्या विकणारा असूनही हे मी प्रत्येकाला सांगतो.

ठसे पुन्हा नोंदवून झाले की तिजोरी रिकामी ठेवून, दिवा बंद करून वीस वेळा उघडून बघा, काही वेळा ओल्या हातानेही. वेळ लागतोय असं तरीही वाटलं तर कळवा. तिजोरी परत नेऊन पूर्ण पैसे देतो.