मन घट्ट कर म्हणणाऱ्यांनो, एकदा तळघरात या

आज पुन्हा तेच. साडेपाचला उठले, अंधारात जिना उतरून तळघरात गेले, पंखा लावला, हॅन्डलवर दोन टॉवेल टाकले आणि ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या यंत्रावर, लावलेल्या सायकलवर बसले. वीस-वीस मिनिटांचे दोन टप्पे होते. दुसऱ्या टप्प्यात, अकराव्या मिनिटाला, कपाळावरून घामाचा थेंब ओघळला आणि नेमका फोनच्या पडद्यावर पडला. ॲपवरचा सराव थांबला. ओल्या बोटाने पडदा पुसायला गेले तर त्याला बोट कळेना. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं, चौथ्यांदा सगळा सरावच बंद होऊन 'छान! आजचं काम पूर्ण' असं आलं. पूर्ण? माझी नऊ मिनिटं राहिली होती! तिथेच बसून रडले मी. एका थेंबासाठी नाही. गेल्या आठ आठवड्यांचं सगळं साचलेलं बाहेर आलं.

मी टोरांटोजवळ मिसिसागाला राहते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि माझी संध्याकाळ संपते. २१ डिसेंबरला इथे सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. रस्त्यावर मिठाचा राडा, त्याखाली डोळ्यांना न दिसणारा काळा बर्फ. 'खिळ्यांचे टायर लाव ना', हे मला दर वर्षी कुणीतरी सांगतंच. अहो, लावलेत मी! खिळे बर्फ धरतात, पण रस्ता साफ करणाऱ्या गाड्या सगळा बर्फ ढकलून सायकलच्या लेनमध्ये ढीग घालतात, त्याचं काय करू? गाड्यांच्या मधून जाऊ? शून्याखाली पंधरात?

म्हणून तळघर. डिसेंबर ते मार्च, कधीकधी अर्धा एप्रिलसुद्धा. मला ऑगस्ट २०२७ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची सायकलफेरी करायची आहे. १२०० किलोमीटर, ९० तासांत. चार वर्षांतून एकदा येते ती. त्याआधी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे पात्रतेच्या फेऱ्या, वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. इथली मोकळी हवा उरते जेमतेम सात-आठ महिने. हिवाळ्यात पाय सोडून दिले तर एप्रिलमधल्या २००लाच तोंडाला फेस येईल. म्हणजे मी हौस म्हणून त्या खोलीत बसत नाही. दुसरा मार्ग नाही.

आणि ती खोली! एका बाजूला घर तापवणारी फर्नेस, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन, वर जमिनीच्या पातळीला हातभर रुंद खिडकी, ती बर्फाने झाकलेली. समोर भिंत. दर दहा मिनिटांनी फर्नेस धडाडून चालू होते आणि कोरडी गरम हवा अंगावर येते. पायातून दीडशे वॅट काढायचे तर शरीर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार करतं, कारण खाल्लेल्या ऊर्जेचा पाव हिस्सासुद्धा पेडलपर्यंत पोचत नाही. बाहेर वारा ती उष्णता घेऊन जातो. इथे पंखा लावूनही घाम पुरेसा उडत नाही, नुसता गळतो. तेवढ्याच वॅटला नाडी दहा-बाराने जास्त. बाहेर उणे पंधरा, आणि मी बनियनवर बसून वाफेत शिजते आहे. गेल्या वर्षी सायकलचा हेडसेट, म्हणजे हॅन्डल जिथे फिरतं तो सांधा, उघडला तर आत गंज. घामाचा गंज!

बाहेर तुम्ही तासभर सायकल चालवता तेव्हा तासभर पेडल मारत नसता. उतार येतो, सिग्नल येतो, वळणावर पाय सुटतात, खड्डा चुकवताना बूड उचललं जातं. ट्रेनरवर यातलं काही नाही. सायकल शिकंज्यात आवळलेली, ती डुलत नाही, त्यामुळे सगळं वजन तासभर त्याच दोन हाडांवर. एर्ग मोड लावला तर मशीन ठरलेले वॅट काढूनच घेतं. तुम्ही दमलात, पाय मंदावले, की ते पेडल आणखी जड करतं. पाय आणखी मंदावतात, पेडल आणखी जड होतं, आणि शेवटी पाय जागच्या जागी अडकतात. दमलेल्या माणसावर आणखी ओझं टाकणारं यंत्र कुणाला सुचलं असेल!

पण हे सगळं शरीराचं. ते मी सोसते. मला संताप येतो तो डोक्याचं काय होतं ते कुणी मानतच नाही याचा.

सिंहगड चढताना मला कधी घड्याळ बघावं लागलं नाही. डोणजे सोडलं की वळणामागून वळण, पुढे कुणाचं तरी चाक, बाजूने फटफटीवर जाणारा दूधवाला, दही विकायला वर निघालेल्या बायका, मध्येच खडकवासल्याचं पाणी चमकतं. पाय जळत असतात, पण लक्ष दहा ठिकाणी वाटलेलं असतं. डोक्याचं निम्मं काम रस्ताच करतो. तळघरात रस्ता नाही. तिथे प्रत्येक मिनिट मला स्वतःला ढकलावं लागतं. पडद्यावर बघते, १४ मिनिटं झालेली असतात. मग ठरवते, आता बघायचं नाही. शंभर मोजते, पाढे म्हणते, किराण्याची यादी करते, ऑफिसात कुणाला काय सुनवायला हवं होतं ते मनात सुनवते. एवढं करून बघते तर १६. दोन मिनिटं! पायांपेक्षा आधी डोकं थकतं, आणि ते थकलं की वॅट आपोआप पडतात.

यावर ज्ञान मिळतं: मन घट्ट कर. सीरियल लाव. ध्यान समज. सीरियल हलक्या सरावाला चालते, जोराच्या टप्प्यात नाकातोंडातून श्वास घेताना कोण कुणाची सून आहे हे कळतं का कुणाला? आणि ध्यान? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना पायचक्कीवर चढवायचे. चढत राहा, पोचू नका. ती शिक्षा होती, आणि पुढे ती बंद करावी लागली. एका जागी पाय मारत राहण्याने माणूस पिचतो हे तेव्हाही माहीत होतं. मग मला कंटाळा आला की तो माझ्या स्वभावातला दोष कसा?

पुण्याहून दीर सिंहगडाचे फोटो पाठवतात. जानेवारीतली पहाट, धुकं, अंगात जॅकेट, हातात चहा. पुण्यात हिवाळा हाच खरा सायकलचा मोसम. खाली लिहिलेलं, 'वहिनी, तुमची मजा आहे, घरबसल्या सायकलिंग! ना ट्रॅफिक, ना धूळ.' माणूस प्रेमळ आहे, मनापासून लिहितो. पण ते वाचून मी फोन उलटा करून ठेवला. मला ट्रॅफिक द्या, धूळ द्या, कात्रजच्या घाटातला ट्रकचा धूरसुद्धा द्या.

आणि उजेडाचं कुणी बोलतच नाही. हिवाळ्यात अंगावर येणाऱ्या उदासीला मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये रीतसर नाव दिलं. चाळीस वर्षं झाली. उजेड लक्समध्ये मोजतात; घरातल्या दिव्यांचा काहीशे लक्स असतो, ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर तो काही हजार असतो. माझ्या तळघरात एक ट्यूब आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी १०,००० लक्सचा दिवा आणला, सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर चहा घेते. त्याने फरक पडला, खरंच पडला. पण हे मला पहिल्या तीन हिवाळ्यांत कुणी का नाही सांगितलं? तीन वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते. सरावाच्या ॲपने एकही दिवस विचारलं नाही की बाई, शेवटचं ऊन कधी बघितलंस? त्याने फक्त चुकलेल्या दिवसाचा चौकोन लाल केला. ऑफिसात पोचेपर्यंत तो लाल चौकोन डोक्यातून जात नाही.

परवा सकाळी सायकलवर असतानाच आईचा फोन आला. तिकडे दुपारचे साडेचार वाजलेले, तिची चहाची वेळ. व्हिडिओ चालू केला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, किती घामाघूम झालीस. कुठे निघालीस?"

"कुठे नाही आई. इथेच."

"मग उतर की खाली."

मी उतरले नाही, योजनेत अजून २५ मिनिटं होती. ती पुरी केली, आणि दिवसभर तिचं ते वाक्य मनातून गेलं नाही.

त्या योजनेत या रविवारी तीन तास लिहिलेत. बंद खोलीत, भिंतीकडे तोंड करून, तीन तास. ज्याने ते लिहिलं तो बहुधा ऊन असलेल्या गावात राहतो. बाहेरचे तीन तास आणि तळघरातले तीन तास एकाच रकान्यात कसे बसतात हे त्याने मला येऊन दाखवावं.

मघाशी आंघोळ करून वर आले, ओल्या केसांनी खुर्चीत बसले आणि ते तीन तास पुसून टाकले. त्या जागी पाऊण तास लिहिला, आणि त्यापुढे दुपारी बारा वाजता, ऊन असो नसो, तळ्याकाठी चालणं. ॲपने विचारलं, 'नक्की बदलायचं? याचा तुमच्या तयारीवर परिणाम होईल.'

होऊ दे. दाबलं 'हो'.