'पिकपॉकेट'चा नायक आईच्या औषधासाठी चोरी करत नाही

दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँच्या 'पिकपॉकेट' (1959) या फ्रेंच चित्रपटाविषयी व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर माझ्या भाचीने महाविद्यालयात होणाऱ्या त्याच्या खेळाआधी वाचण्यासाठी उतरवून घेतला आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले. त्यात म्हटले आहे की नायक मिशेल आजारी आईच्या औषधासाठी पाकिटे मारतो आणि शेवटी पश्चात्तापाने स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन होतो. शिवाय कथा रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीकडून चोरलेली आहे आणि पैशांअभावी नवखी माणसे घेतल्यामुळे अभिनय निर्जीव झाला आहे, असेही त्यात आहे.

यातला औषधाचा दावा सर्वांत संतापजनक आहे. मिशेल आजारी आईला भेटणेच टाळतो. तिच्या दारापर्यंत जातो, शेजारच्या झानच्या हाती पैसे देतो आणि आत न डोकावता परततो. तिच्या घरातून पैसे चोरीला गेल्याची तक्रार नोंदवली गेली आणि लगेच मागेही घेतली गेली, हे पोलीस अधिकारी त्याला तोंडावर ऐकवतो, कारण चोर तिचा मुलगाच होता. ज्याने आईलाच लुबाडले त्याला मातृभक्त ठरवल्यावर या चित्रपटात अपराधभावाला जागाच कुठे उरते? असामान्य माणसांना कायदा मोडण्याची मुभा असावी, असे तो त्याच अधिकाऱ्यासमोर मांडतो. त्याच्या चोरीचे मूळ या अहंकारात आहे. ब्रेसाँने तर आरंभीच पडद्यावर लिहून ठेवले आहे की ही पोलिसी कथा नसून, ज्या चोरीसाठी तो घडलेलाच नव्हता तिच्याकडे स्वतःच्या दुर्बलतेमुळे ढकलला गेलेल्या तरुणाचे हे दुःस्वप्न आहे. तिथे गरिबीचा उल्लेखही नाही.

शरण जाण्याची गोष्टही खोटी आहे. मिशेल मध्यंतरी लंडनला जातो. तिथून परतल्यावर तो झान आणि तिच्या मुलासाठी काही काळ प्रामाणिकपणे कष्ट करतो, पण लाँशाँच्या घोड्यांच्या शर्यतीत पुन्हा दुसऱ्याच्या खिशात हात घालतो आणि साध्या वेशातला पोलीस त्याला बेड्या ठोकतो. तुरुंगाच्या गजांआड झान त्याला भेटते, तेव्हा कुठे तो आतून बदलतो.

दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीशी साम्य आहे, हे मान्य करावे लागेल. अधिकाऱ्याशी चालणारा वाद आणि तुरुंगातला शेवट तिथूनच आल्यासारखा वाटतो. मात्र कादंबरीतल्यासारखा इथे खून नाही, त्यामुळे कथा चोरल्याचा आरोप टिकत नाही.

नवख्या माणसांविषयी एवढेच सांगतो, की ब्रेसाँने 1945 सालापर्यंत व्यावसायिक नटांबरोबर काम केले होते आणि नंतर तो मार्ग जाणीवपूर्वक सोडला. अशाच नवख्यांना घेऊन केलेल्या 'अ मॅन एस्केप्ड'साठी त्याला 1957 साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला होता.