‘बिबटे पकडून लांब सोडा’ म्हणणाऱ्यांनी आधी जुन्नरचा हिशेब बघा

नारायणगावच्या आत्याकडून काल तोच मेसेज पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: वनखातं रात्री गाड्या भरून बिबटे आणतं आणि आपल्या उसात सोडतं, हे जंगलातले प्राणी वाट चुकून गावात आलेत, सगळे धरून ताडोबात सोडले की प्रश्न मिटला, आणि बछडे सापडले तर उचलून आणा, कारण माणसाचा हात लागलेलं पिल्लू आई परत घेत नाही. आत्याच्या घरामागे ऊस आहे आणि दारात शेळ्या. तिने यावर विश्वास ठेवून काही केलं तर जिवावर बेतेल, म्हणून हे लिहितोय.

सर्वांत घातक सल्ला ‘लांब सोडा’ हा. तो जुन्नर वनविभागात करून झालाय. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याची मोजदाद २०११ साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात मांडली. १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवर हल्ले होते वर्षाला सरासरी ४. मग शेतातले बिबटे पकडून जवळपासच्या जंगलांत सोडायची मोहीम निघाली आणि २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांपैकी जीवघेणे किती? आधी १८ टक्के, नंतर ३६ टक्के. एवढं वाचूनही कुणाला ‘धरा आणि सोडा’ म्हणायचं असेल, तर ज्या गावाजवळ सोडणार त्या गावाला आधी विचारा.

असं का होतं, तेही समजून घ्या. आपल्या इलाख्यातल्या बिबट्याला कुत्री कुठे मिळतात, माणसं कधी शेतात येतात, कोणत्या ओघळीने गुपचूप निघता येतं, सगळं पाठ असतं. म्हणून तो दिसत नाही. पिंजऱ्यात तो गजांना चावे घेतो, सुळे तुटतात. सुळे गेलेला, बिथरलेला प्राणी परक्या मुलखात सोडला की तिथे आधीच दुसरा बिबट्या ठाण मांडून असतो. हा मग घराच्या दिशेने चालू लागतो, अनोळखी वस्त्यांमधून. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ पकडलेला, माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या साधारण महिन्याभरात १२० किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. इकडे रिकाम्या झालेल्या उसात नवा, बहुधा तरणा बिबट्या येतो. त्याला गावाची काहीच माहिती नसते. आणि ताडोबात वाघ आहेत, बिबटेही आहेत. तिथे जागा मोकळी पडलेली नाही.

‘गाड्या भरून सोडतात’ यातला अर्धा भाग, नाइलाजाने, मान्य करतो. त्या मोहिमेत बिबटे गाडीतूनच हलवले गेले. पण ते उसातून उचलून जंगलात सोडले होते, आणि तेही ‘इथून न्या’ या लोकांच्या रेट्यामुळे. मेसेज नेमकं तेच पुन्हा मागतोय.

वाट चुकले म्हणावं, तर पिढ्यान्‌पिढ्या उसात जन्मतात कसे? कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो: सावली, पाणी, आडोसा सगळं तिथेच. नगर जिल्ह्यातल्या अकोले इथल्या शेतमळ्यांच्या भागात १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे मोजले गेले. त्यांच्या आहारात वजनाने ३९ टक्के कुत्री आणि जेमतेम ११ टक्के शेळ्या, जरी तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. म्हणजे गावातला कचरा आणि मोकाट कुत्री आवरणं हा बिबट्याचाच बंदोबस्त आहे.

आता बछडे. हात लागल्याने आई पिल्लू टाकते, हे साफ खोटं. तोडणीत पिल्लं दिसली तर त्या फडातली तोड थांबवा, माणसं मागे घ्या, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. डॉक्टर तपासून मायक्रोचिप लावतात. संध्याकाळी पिल्लं सापडली त्याच जागी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवतात. झाकण असं की पिल्लू बाहेर पडू नये, पण मादीला पाडता यावं. कॅमेरा लावून सगळे लांब जातात. मादी अंधारात येते आणि एकेक तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचं. पिल्लं उचलून गावात आणलीत, तर मादी ती शोधत त्याच फडाभोवती फिरत राहते, आणि तिथेच दुसऱ्या दिवशी तोडणी कामगारांची लेकरं कोप्यांबाहेर खेळत असतात.

आत्या, तुझ्यासाठी एवढंच: गोठ्याला वरूनही जाळी हवी, भिंत आणि पत्र्यामधली फट बुजव. रात्री पाणी द्यायला एकट्याने जाऊ नका, बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून जा. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करणाऱ्याजवळ दुसरा माणूस उभा ठेवा. वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. शेळी मारली गेली तर ती जागेवरून हलवू नकोस आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळव, म्हणजे पंचनामा होऊन भरपाई मिळेल.