दुसऱ्यांचे मारेकरी

गेल्या डिसेंबरात पुण्याला आलो असताना लॉ कॉलेज रस्त्यावर एका मित्राच्या घरी आम्ही सहा-सात जणांनी जोशुआ ओपनहायमर यांचा ‘द लुक ऑफ सायलेन्स’ (2014) हा माहितीपट पाहिला आणि पानावरची आमटी निवेपर्यंत वाद घातला. इंडोनेशियात 1965-66 मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान 5 लाख माणसे मारली गेली आणि मारणारे पुढे गावोगाव प्रतिष्ठित म्हणून वावरले. माहितीपटातला आदी चष्म्याचे नंबर काढतो. त्याचा थोरला भाऊ त्याच्या जन्माआधीच मारला गेला. म्हाताऱ्या मारेकऱ्याच्या नाकावर तपासणीची चौकट चढवून, काच बदलता बदलता, तो त्या दिवसांबद्दल विचारू लागतो.

खुन्यापुढे कॅमेरा धरणे म्हणजे त्याला मिरवू देणे, असे यजमान मित्राचे म्हणणे होते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ओपनहायमर यांच्याच ‘द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग’मध्ये (2012) मेदान शहरातला अन्वर काँगो तारेने गळा कसा आवळायचा ते गच्चीवर करून दाखवतो आणि तिथेच चक्क नाचतो. मात्र मला त्यात क्रौर्यापेक्षा निर्धास्तपणा अधिक दिसला. मारेकरी नावानिशी बोलतो आणि श्रेयनामावलीत कितीतरी इंडोनेशियन सहकाऱ्यांच्या नावांच्या जागी ‘अनामिक’ एवढेच येते, यावरूनच व्यासपीठ आधीपासून कोणाच्या ताब्यात होते ते कळते.

मी गेली 14 वर्षे नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला राहतो. तिथे मेदानच्या गुंडांविषयी सगळेच मोकळेपणाने बोलतात. परंतु 1945 ते 1949 या काळात इंडोनेशिया पुन्हा ताब्यात घेण्यासाठी लढलेल्या डच सैन्याने युद्धगुन्हे केले आणि त्यात आपणही होतो, असे योप हुएटिंग या माजी सैनिकाने 1969 मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले, तेव्हा त्याला धमक्या आल्या. रावागेदे गावातल्या 1947 च्या हत्याकांडासाठी हेगच्या न्यायालयाने डच शासनाला जबाबदार धरले ते 2011 मध्ये, आणि त्या युद्धातल्या हिंसेबद्दल पंतप्रधानांनी माफी मागितली ती 2022 मध्ये, म्हणजे हुएटिंगच्या कबुलीनंतर 53 वर्षांनी.

हे सांगून झाल्यावर मी 1948 चा विषय काढला. गांधीहत्येनंतर पुण्यात, साताऱ्याकडे, सांगली-कोल्हापुराकडे ब्राह्मणांची घरे पेटवली गेली, काही माणसेही मारली गेली. संख्येने किंवा स्वरूपाने ते इंडोनेशिया नव्हे, हे उघड आहे. माझ्या आजीचे घर त्यात गेले. रॉकेलचा डबा कोणाच्या हातात होता हे तिला ठाऊक होते, पण नाव न घेता ती ‘पलीकडच्या आळीतला’ एवढेच म्हणे. त्याच्याशी कोणी बोलले नाही. त्याला काय दिसले होते, कोणी चिथावले होते, हे कायमचे गेले. गांधी गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या घरात पेढे वाटले गेले होते का, हेही आम्ही आजीला कधी विचारले नाही.

टेबलावर थोडा वेळ कोणी बोलेना. मग मारेकऱ्यांना जाब विचारायलाच हवा असे तासभर आग्रहाने सांगणारी मैत्रीण म्हणाली, “जाऊ दे रे, झालं गेलं गंगेला मिळालं.” सुमात्रातले ते म्हातारे, चौकट नाकावर असतानाच, आदीला त्यांच्या भाषेत हेच सांगत होते.