'स्क्रम बोर्डाचे सात सुवर्णनियम': एका वैतागलेल्याचं उत्तर

'स्क्रम बोर्डाचे सात सुवर्णनियम' ही पोस्ट तुमच्यापर्यंतही पोचली असेल. स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअर टीमने ठरावीक छोट्या टप्प्यांत, म्हणजे 'स्प्रिंट'मध्ये, काम करण्याची पद्धत, आणि बोर्ड म्हणजे त्या कामाची कार्डं लावायचा फळा. लिंक्डइनवरून व्हॉट्सॲपवर, तिथून ऑफिसच्या ग्रुपवर, असा तिचा प्रवास चालू आहे. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: 'हे सर्व अधिकृत स्क्रम गाइडनुसार.' असल्या पोस्टी मी एरवी बघून सोडून देतो. पण हिंजवडीत पहिल्याच नोकरीला लागलेल्या माझ्या भाचीच्या टीम लीडने ती मनावर घेतली, बोर्ड तसाच्या तसा लावला, आणि महिनाअखेरच्या कामगिरीच्या तक्त्यात पोरगी सगळ्यांत खाली. मग म्हटलं, आता लिहायलाच हवं.

आधी ते 'गाइडनुसार' बघू. स्क्रम गाइड ही केन श्वेबर आणि जेफ सदरलंड या स्क्रमच्या जनकांची पुस्तिका, ती फुकट मिळते. सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२०ची, पंधरा पानांच्या आत आटोपते, जेवणाच्या सुट्टीत वाचून होईल. त्यात 'यूजर स्टोरी' (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेली एक गरज) नाही, 'स्टोरी पॉइंट' (ती किती मोठी याचा अंदाज) नाही, 'व्हेलॉसिटी' (टीम एका स्प्रिंटमध्ये संपवते ते पॉइंट) नाही, आणि टास्कबोर्ड कसा लावावा याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे सातातले बरेचसे नियम ज्या गोष्टींबद्दल आहेत, त्या गोष्टीच त्या पुस्तिकेत नाहीत. पोस्ट पुढे पाठवणाऱ्या एकालाही ती उघडून बघावीशी वाटली नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

पहिला नियम: बोर्डावर आडवी रांग माणसाच्या नावाची ठेवा, म्हणजे कोण काय करतंय ते एका नजरेत दिसतं. दिसतं ना. फक्त काम कुठवर आलंय ते दिसत नाही, आणि बोर्ड लावायचा तो त्यासाठी. भाचीच्याच टीमची एक स्टोरी घ्या: ग्राहकाला मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मराठी पीडीएफमध्ये उतरवून घेता यावीत. तिची टास्कं, म्हणजे त्यातली सुटी कामं: डेटाबेसमधून बिलं काढणारी क्वेरी, ती ॲपला पुरवणारा एपीआय, ॲपमधली स्क्रीन, पीडीएफचा साचा आणि टेस्टिंग. रांग स्टोरीची असली की डावीकडे स्टोरीचं कार्ड आणि उजवीकडे 'टू डू', 'इन प्रोग्रेस', 'रिव्ह्यू', 'डन' या खणांत तिची टास्कं. तीन 'डन'ला पोचली, पीडीएफ अडकलाय, त्यापायी टेस्टिंग खोळंबलंय, हे बोर्डासमोरून जाणाऱ्यालाही कळतं. रांगा माणसांच्या केल्या की हीच पाच टास्कं पाच जणांत विखुरतात. प्रत्येकाच्या रांगेत काही ना काही हललेलं, सगळे खूश, आणि शुक्रवारी स्प्रिंट संपतानाच्या रिव्ह्यूला दाखवायला काहीच नाही. याला बोर्ड म्हणत नाहीत, हजेरीपट म्हणतात. काम कुणाकडे आहे ते कार्डावर असतंच की, जिरासारख्या बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर फोटोसकट. त्यासाठी अख्खी रांग कशाला?

दुसरा नियम याच्याच पाठचा भाऊ. कुणी रिकामं दिसू नये म्हणून प्रत्येकाकडे कायम किमान तीन कार्डं 'इन प्रोग्रेस' असावीत म्हणे. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेलं साधं गणित आहे: एका कामाला सरासरी लागणारा वेळ म्हणजे उघडी कामं भागिले रोज संपणारी कामं. टीम दिवसाला दोन कार्डं संपवत असेल आणि सहा उघडी असतील, तर एक कार्ड तीन दिवसांत पार पडतं. आठ जणांच्या हातात प्रत्येकी तीन दिलीत तर चोवीस उघडी, म्हणजे बारा दिवस. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस किती? दहा.

आता तिसरा, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. स्टोरीचे पॉइंट टास्कांवर वाटा, महिनाअखेरीस माणशी बेरीज करा आणि अप्रेझलला वापरा. वरची वीजबिलांची स्टोरी आठ पॉइंटांची. तिच्यातला पीडीएफचा साचा भाचीकडे आला, वाट्याला पॉइंट दोन. पीडीएफ बनवायला वापरात होती ती लायब्ररी (तयार कोडचा संच) देवनागरीची अक्षरं एकापुढे एक नुसती मांडत होती, त्यांची जुळणी करत नव्हती. बिलातला 'स्थिर आकार' छापला की 'स्थ' मोडून पडायचा आणि वेलांटी 'थ'ला सोडून पुढच्या 'र'च्या गळ्यात. इंग्रजीत सगळं झकास, मराठीत चिखल. हार्फबझ (अक्षरांची जुळणी करणारं सॉफ्टवेअर) वापरणारी दुसरी लायब्ररी शोधणं, ती बसवणं, प्रत्येक शीर्षक डोळ्यांनी तपासणं यात तिचा अर्धा स्प्रिंट गेला. तेवढ्या वेळात शेजारच्या दोघांनी बटणांचे रंग आणि लेबलं बदलण्याची कार्डं पटापट 'डन'ला ढकलली. तक्त्यात ते वर, ही खाली. त्या बिलातलं मराठी आज वाचता येतंय ते कुणामुळे, याला तक्त्यात रकाना नाही.

आणि हे एका पोरीपुरतं नाही. पॉइंटांवर पगार ठरायला लागला की पुढच्याच प्लॅनिंगला तिनाची स्टोरी पाचाची होते. दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करायला शून्य पॉइंट, अडलेल्याला मदत करायला शून्य, मग करतो कोण? पॉइंट हा टीमने स्वतःसाठी बांधलेला अंदाज, या स्प्रिंटला किती काम घ्यावं एवढ्यापुरता. ज्यांच्या नावावर ते सांगितले जातात त्या रॉन जेफ्रीज यांनी २०१९मध्ये स्वतःच लिहिलं, की पॉइंट बहुधा मीच काढले असावेत, आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं. जनकच हात झटकतोय आणि इथे त्यावर इन्क्रिमेंट ठरतंय!

चौथा म्हणतो, प्रत्येक स्टोरी ठरल्या साच्यातच लिहा. त्यावर फार वेळ घालवत नाही. 'अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे ढमुक होईल' हा साचा लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीतून आला, आणि स्टोरी मुळातच एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या दुसऱ्याच पद्धतीतली. साचा उपयोगी आहे, सक्तीचा नाही. 'डेव्हलपर म्हणून मला टेबलला इंडेक्स हवा' असली, ग्राहकाचा पत्ताच नसलेली कार्डं या सक्तीतूनच जन्माला येतात. पाचवा नियम रोजच्या छोट्या बैठकीतल्या तीन प्रश्नांचा: काल काय, आज काय, अडचण काय. जुन्या गाइडमध्ये ते होते, २०२०मध्ये काढले. सहावा, ऐंशी टक्के झालेल्या पाचाच्या स्टोरीचे चार पॉइंट मोजा. गाइड इथे स्पष्ट आहे: 'डन'ची व्याख्या पूर्ण न करणारं काम रिव्ह्यूत दाखवायचंसुद्धा नाही, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या मुख्य यादीत, परत जातं.

सातवा नियम अर्धा बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. टास्क एका दिवसाचं किंवा त्याहून लहान असावं, याला गाइडमध्ये खरंच आधार आहे, आणि सवयही चांगली आहे. पण पोस्ट पुढे म्हणते, सगळी टास्कं पहिल्याच दिवशी लिहा, मध्येच भर पडली तर प्लॅनिंग फसलं. गाइड नेमकं उलट सांगतं: स्प्रिंट बॅकलॉग (या स्प्रिंटला घेतलेलं काम) हा डेव्हलपरांनी स्वतःसाठी केलेला आराखडा, जसजसं कळत जाईल तसतसा तो स्प्रिंटभर बदलत राहतो. वेलांटी 'र'ला चिकटणार हे पहिल्या दिवशी कुणाला ठाऊक होतं? ते कळलं त्याच दिवशी 'लायब्ररी बदलणे' आणि 'शीर्षकं तपासणे' अशी दोन नवी टास्कं त्या स्टोरीच्या रांगेत लागायला हवी होती, आणि पुढच्या सकाळी त्यातलं एक दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं होतं. भाचीने लावायची का म्हणून विचारलंही होतं. सातव्या नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं.