अधिकचं चिन्ह लावून जुनं ठाणं सापडत नाही

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘गूगलचे चार गुप्त मंत्र’ परवा तिसऱ्यांदा आले. मंत्र असे: प्रत्येक शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावा, शब्दांमध्ये ‘अँड’ टाका, अर्धा शब्द लिहून चांदणी द्या, एवढं करूनही काही आलं नाही, तर ती माहिती नेटवर नाहीच. पाठवणारे काका शेजारचेच आहेत, तरी लिहितो.

अधिकचं चिन्ह गूगलने २०११ मध्येच मोडीत काढलं. नेमका तोच शब्द हवा असेल तर तो दुहेरी अवतरणात घालायचा.

‘अँड’ लिहायची गरज नाही, नुसती जागा सोडली तरी भागतं. कामाचा आहे तो ‘ऑर’, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत: यातला कुठलाही शब्द चालेल, असं तो सांगतो. त्याचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही.

चांदणीचं निम्मं खरं. वैद्यकीय लेखांच्या पबमेडवर शब्दाच्या तुकड्याला चांदणी लावली की त्याने सुरू होणारे शब्द येतात. गूगलवर मात्र चांदणी म्हणजे गाळलेली जागा. तिथे अख्खा शब्द बसतो.

चौथा मंत्र मला झोंबला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आली, त्या काळातलं ठाणं मी शोधत होतो. आजच्या स्पेलिंगने सगळं अलीकडचंच येई. इंग्रज तेव्हा ‘टान्ना’ लिहीत, नंतर ‘थाना’. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, १८८२ चा तेरावा खंड ‘थाना’ नावाचाच आहे. साष्टीचं ‘साल्सेट’, वसईचं ‘बसीन’. ही नावं ‘ऑर’ने जोडली तेव्हा कुठे जुनी पानं दिसू लागली. त्यातही गंमत अशी, की गॅझेटिअरमध्ये ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ आहे आणि स्कॅन वाचणारं मशीन तिच्यामुळे कधीकधी त्याला ‘डी’ समजतं. मग ‘थडना’ (Thdna) शोधायचं! हसू नका, सापडतं. शिवाय स्कॅन केलेली जुनी पुस्तकं ठेवणाऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या साइटचा सर्च बॉक्स एरवी शीर्षक, लेखक असली माहितीच चाळतो. पुस्तकातला मजकूर शोधायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

मराठी पीडीएफचं दुखणं निराळंच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘पाणीपट्टी’ दिसते, पण आत भलतीच अक्षरं असतात. तिथे ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि खात्याच्या वेबसाइटचा पत्ता देऊन त्या खात्याची पानंच चाळावी लागतात.

आणि जे स्कॅनच झालेलं नाही, त्यासाठी आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. काका, तुम्ही तर तिथे रोज पेपर वाचायला जाता.